आषाढापर्यंत विक्री, दसऱ्यापर्यंत राखण : मेंढीबाजार आणि माळरान यांची सांगड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बारामती, इंदापूरपासून सोलापूरजवळच्या नान्नजपर्यंतच्या माळरानांवर एखाद्या संस्थेने धनगर मेंढपाळांकडून बाजारभावापेक्षा चढ्या दराने कोकरे विकत घ्यावीत, त्या बदल्यात मेंढपाळांनी माळाचा काही भाग चराईपासून मोकळा ठेवावा आणि लांडग्याला इजा करू नये. उत्तर केनियात गुरांच्या बाबतीत असा प्रयोग झाला आहे. तो येथे चालेल का, आणि चालवायचा असेल तर काय सांभाळावे, असे आपण विचारले आहे. मी पशुवैद्यक आहे आणि गेली २२ वर्षे फलटण, माण, इंदापूर, करमाळा या पट्ट्यातील वाड्यांबरोबर, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांच्या फिरत्या तळांबरोबर, काम करतो. माझ्या मते हा प्रयोग चालू शकतो. परंतु तो चढ्या भावावर उभा केला, तर ज्या माळासाठी तो सुरू करायचा त्याच माळाचे त्यातून नुकसान होईल. व्यापाराची सांगड गवताच्या वेळापत्रकाशी घालायला हवी, आणि आपल्याकडे ती तशी घालता येते, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

प्रथम केनियाबद्दल. तेथे २००४ साली नॉर्दर्न रेंजलँड्स ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. सांबुरू, बोराना, रेंदिले, तुर्काना अशा पशुपालक समाजांची संवर्धनक्षेत्रे तिच्या छत्राखाली आली. ज्या क्षेत्रांनी चराईचे नियोजन आणि वन्यजीवरक्षण यांच्या ठरलेल्या अटी पाळल्या, तेथे जाऊन संस्था थेट गुरे विकत घेऊ लागली. ही गुरे रोगप्रतिबंधासाठी काही काळ वेगळी ठेवली जात, मग लेवा आणि ओल पेजेटा यांसारख्या मोठ्या खासगी राखीव कुरणांवर पोसून कत्तलीसाठी पाठवली जात, आणि व्यवहारातील काही रक्कम संवर्धनक्षेत्राच्या सामाईक निधीत जमा होई. पशुपालकाला शेकडो किलोमीटर गुरे हाकत बाजार गाठावा लागत नव्हता, हा त्यातील खरा लाभ होता. मात्र दोन गोष्टी आपण नजरेआड करू नयेत. २०२० ते २०२३ या काळात तेथे सलग पाच पावसाळे चुकले आणि केनियात २५ लाखांच्या आसपास जनावरे मेली. एवढ्या मोठ्या संकटात खरेदीची कोणतीही योजना पुरी पडत नाही. दुसरे असे की, जमिनीवरचा निर्णय खरोखर कोणाचा, हा वाद तेथे सतत धुमसत राहिला आणि २०२५ मध्ये इसिओलोच्या न्यायालयाने दोन संवर्धनक्षेत्रांची स्थापनाच बेकायदेशीर ठरवली. बाजार चांगला मिळाला म्हणून जमिनीचा प्रश्न मिटत नाही, हे तेथे फार किंमत मोजून कळले.

आता चढ्या भावाबद्दल. कोणत्याही मेंढपाळाला चार पैसे जास्त मिळावेत यात मला आनंदच आहे. परंतु नगावर दिलेला जादा भाव हा कळप वाढवण्याचे आमंत्रण असतो. मंगोलियात १९९० मध्ये शेळ्यांची संख्या सुमारे ५० लाख होती. काश्मिरी लोकरीचा बाजार खुला झाल्यावर ती वाढत २०१८ पर्यंत २ कोटी ७० लाखांच्या आसपास गेली आणि तेथील गवताळ प्रदेशावर त्याचा भार स्पष्ट दिसला. लहान प्रमाणात हेच मी स्वतः पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी मी सल्लागार असलेल्या एका प्रयोगात आम्ही खरेदीचा दर बाजाराच्या वर ठेवला. दुसऱ्याच वर्षी वाड्यांनी तरण्या माद्या विकणे थांबवले, कारण मादी राखली तर पुढच्या वर्षी जादा दराचे कोकरू मिळणार होते. तिसऱ्या पावसाळ्यात आमचा निधी संपला, खरेदी बंद झाली आणि वाढलेली मेंढरे माळावरच राहिली. मेंढपाळांनी केले ते अगदी शहाणपणाचे होते. चूक आमच्या आखणीत होती, आणि त्या माळाचा जो तुकडा आम्ही राखायला निघालो होतो तो आज पूर्वीपेक्षा उघडा आहे, याचे मला अजून वाईट वाटते.

म्हणून योजना आखण्यापूर्वी वाड्याचे वर्ष आणि गवताचे वर्ष शेजारी शेजारी मांडून पाहावे. दिवाळीच्या सुमारास खरिपाची शेते मोकळी झाली की वाडे बाहेर पडतात. काही मावळ, मुळशी ओलांडून कोकणात उतरतात, काही नदीकाठच्या बागायती पट्ट्यात फिरतात. रात्री शेतात मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा रोख घ्यायची आणि पुढच्या गावाला जायचे, असा क्रम सात-आठ महिने चालतो. या काळात माळावर मेंढरांचा भार फारसा नसतो. मृगाच्या आधी वाडे घराकडे परततात, कारण कोकणातल्या पावसात दख्खनी मेंढी टिकत नाही. मग जून ते सप्टेंबर हा चार महिन्यांचा काळ वाड्याला सर्वांत कठीण जातो. शेते पेरलेली असतात, वनखात्याचे तुकडे बंद असतात, गायराने आक्रसलेली असतात, आणि सगळे कळप उरलेल्या माळावर एकाच वेळी येतात.

गवतालाही नेमकी याच वेळी विसावा हवा असतो. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात मारवेल, शेडा, पवना ही बारमाही गवते पहिल्या पावसावर मुळांतील साठ्याच्या जोरावर फुटतात. पहिल्या पाच-सहा आठवड्यांत तो कोवळा फुटवा पुन्हा पुन्हा खाल्ला गेला तर मुळे दुबळी होतात आणि भाद्रपद-आश्विनात बी धरायला ताकद उरत नाही. असे काही वर्षे चालले की मारवेल आणि शेडा मागे हटतात, त्यांच्या जागी कुसळी माजते, आणि तिच्याही पलीकडे गेले की एका पावसापुरती उगवणारी निःसत्त्व गवते उरतात. कुसळीची कुसे लोकरीतून कातडीत शिरतात, कोकरांच्या तोंडाला जखमा करतात. त्यामुळे माळ बिघडल्याचे मेंढपाळाला कोणी शिकवावे लागत नाही. त्याला ते आपल्यापेक्षा आधी कळलेले असते. त्याच्याकडे नसतो तो जूनमध्ये दुसरीकडे जाण्याचा मार्ग.

तिसरे वेळापत्रक मटणाच्या बाजाराचे आहे, आणि माझी सगळी आशा त्याच्यावर आहे. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात. त्यानंतर आषाढ येतो आणि आखाडाच्या जेवणांमुळे मागणी चढत जाते, ती आषाढ अमावास्येपर्यंत टिकते. श्रावण लागला की ती एकदम कोसळते आणि गणपती, पितृपक्ष, नवरात्र असे करत दसऱ्यापर्यंत मंदच राहते. बकरी ईद २०२५ साली ७ जूनला होती आणि ती दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते, म्हणजे येणारी बरीच वर्षे तीही पावसाळ्यापूर्वीच पडणार आहे. दख्खनी मेंढ्यांची बरीचशी वीत हिवाळ्याच्या तोंडाला होते, त्यामुळे ज्येष्ठ-आषाढापर्यंत ही कोकरे पाच ते सात महिन्यांची, विकण्याजोगी झालेली असतात. आषाढाअखेर जे नर विकले गेले नाहीत ते पडत्या बाजारात तीन महिने माळावर बसून खाणार. मेंढपाळाचे यात नुकसान आहे आणि गवताचेही. दोघांचे हित एकाच तारखेला जुळते असे प्रसंग आमच्या क्षेत्रात फार थोडे आहेत.

याचा हिशेब मांडून पाहू. समजा १०० माद्यांच्या एका कळपात आषाढाअखेर ३० नर शिल्लक आहेत आणि प्रत्येकाचे वजन सरासरी २० किलो आहे. असा नर वजनाच्या साडेतीन टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे ७०० ग्रॅम सुका चारा खातो. ९० दिवसांत एकाचे ६३ किलो आणि ३० नरांचे १,८९० किलो होतात. हलक्या माळावर हेक्टरी टनभर सुके गवत आले आणि त्यातले निम्मेच खाऊ द्यायचे म्हटले, तर केवळ वेळेत न विकलेल्या नरांपायी जवळपास चार हेक्टर माळ खर्ची पडतो. एका गावात असे दहा कळप असले तर हा आकडा कोठे जातो ते पाहा. एकाही मेंढपाळाला त्याच्या माद्या कमी करायला न सांगता हा भार हलका करता येतो.

म्हणून आपल्या योजनेतील जादा रक्कम नगावर न देता वेळेवर द्यावी, अशी माझी सूचना आहे. आषाढ अमावास्येपूर्वी नर विकणाऱ्या कळपाला त्या हंगामासाठी ठरलेली रक्कम मिळावी. कळप किती मोठा आहे यावर ती वाढू नये, किंवा फार तर माद्यांच्या एका मर्यादेपर्यंतच वाढावी. घेतलेले नर कोठे जाणार, याची तरतूद मात्र आधी हवी. केनियात खासगी कुरणे होती, आपल्याकडे बागायतदार आहेत. फलटण-बारामतीकडे तुरीचे भुसकट, मक्याची वैरण आणि घास यांवर दोन-तीन महिने बंदिस्त नर पोसून दसऱ्यानंतरच्या बाजारात विकणारे शेतकरी आहेत. मेंढपाळाने वाढवायचे आणि शेतकऱ्याने पोसून तयार करायचे, ही वाटणी दोघांनाही मानवते. मात्र आलेले प्रत्येक जनावर दोन-तीन आठवडे वेगळे ठेवणे आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) व आंत्रविषाराची लस टोचणे यात हयगय नको. निरनिराळ्या वाड्यांची कोकरे एका गोठ्यात कोंबल्यावर काय होते ते मी पाहिले आहे.

भावाच्या खालोखाल, किंबहुना त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उचल. वाड्यावर आलेला व्यापारी बहुधा आधीच पैसे देऊन बसलेला असतो. मुलीचे लग्न, दवाखाना, शाळेची फी, औषधांची उधारी यांसाठी घेतलेली ती रक्कम कोकरांच्या सौद्यातून वळती होते. त्यामुळे कोणते नर केव्हा आणि कोणत्या दराने जाणार हे मेंढपाळाच्या हातात राहत नाही. सौदा नजरेच्या अंदाजाने होतो, वजन क्वचितच होते. या व्यापाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण अडीअडचणीला तेच धावून येतात आणि बँक वाड्यापर्यंत पोहोचत नाही. परंतु आपल्या संस्थेने दिवाळीला, वाडा बाहेर पडताना, बिनव्याजी उचल देण्याची तयारी ठेवली आणि प्रत्येक वाड्याला एक ताणकाटा दिला, तर चढ्या भावापेक्षा अधिक पैसा मेंढपाळाच्या घरात राहील. हा व्यवहार घरातील स्त्रीशी बोलून करावा. वाड्यावरचा पैसाअडका, धान्य आणि कोकरांची देखभाल तीच पाहते, आणि कोणते नर कधी काढायचे याबद्दल तिचे मत बहुतेक वेळा सर्वांत अचूक असते.

आता माळ राखण्याच्या अटीबद्दल. माळाचे सर्वांत मोठे नुकसान मेंढरांनी केलेले नाही, हे आपण प्रथम स्वतःशी मान्य करावे. सरकारी नकाशांवर ही गवताळ जमीन पडीक म्हणून नोंदली जाते. तिच्यावर गिरिपुष्पाची लागवड होते, औद्योगिक वसाहती आणि सौर प्रकल्प येतात, आणि उपशाचे पाणी पोहोचले की नांगर फिरतो. नांगरलेला माळ पुन्हा मारवेल-शेड्याचा होण्यास पिढी जाते. चरून थकलेला माळ काही पावसाळ्यांच्या विसाव्याने सावरतो. हे लक्षात न घेता सगळ्या अटी मेंढपाळावर लादल्या तर तो आपल्याला वनखात्याचाच दुसरा हात समजेल, आणि त्यात त्याचे चुकणार नाही.

अट अशी असावी की तिचे पालन त्याच्या हातात असेल. लांडग्यांची संख्या वाढली तरच पैसे, ही अट अन्यायाची आहे. ठरवून दिलेला तुकडा मृगापासून दसऱ्यापर्यंत राखला का, ही अट रास्त आहे. माळाचे तीन भाग करून दर पावसाळ्यात एक भाग बंद ठेवावा आणि कोणता भाग ते वाड्यांनी ठरवावे. दसऱ्यानंतर, बी झडल्यावर, तो चराईला खुला व्हायलाच हवा. चराई पूर्ण बंद केलेल्या तुकड्यांत जुने गवत साचते आणि नवा फुटवा दबतो. चिंकाऱ्याला आणि माळढोक पक्ष्याला असे दाट, उंच, जुने गवत फारसे रुचत नाही. मोजमाप सोपे असावे. दरवर्षी त्याच दगडावर उभे राहून त्याच आठवड्यात छायाचित्र घ्यावे, आणि पंचवीस पावलांवर किती ठिकाणी मारवेल-शेडा आणि किती ठिकाणी कुसळी आली हे वाड्यातील दोन तरुणांनी मोजावे. उपग्रहाची चित्रे आपल्या अहवालासाठी ठेवा. मेंढपाळाचा विश्वास त्याने स्वतः मोजलेल्यावर बसतो.

लांडग्याच्या बाबतीत मी एकच काम आग्रहाने सुचवीन, ते म्हणजे वाड्यांवरील कुत्र्यांचे लसीकरण. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीने सिद्ध झाला आहे, आणि कुत्र्यांचे रोग लांडग्यांच्या कळपात शिरण्याची भीती खरी आहे. या पट्ट्यातला लांडगा मोठ्या प्रमाणावर मेंढरांवरच जगतो. वाडे संपले तर त्याचे काय होईल, याचा विचार संवर्धनाच्या बैठकांत क्वचितच होतो. मारलेल्या मेंढरासाठी शासकीय भरपाई आहे, पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत वाडा दोन मुक्काम पुढे गेलेला असतो. संस्थेने त्याच दिवशी निम्मी रक्कम हातावर ठेवली आणि पुढची कागदपत्रे स्वतः केली, तर लांडग्यावरचा राग पुष्कळ निवळतो.

जमिनीच्या प्रश्नावर मात्र मला सोपे उत्तर सापडलेले नाही. केनियात संवर्धनक्षेत्र एका समाजाच्या नावे सांगता येते. आपल्याकडे एका माळाचा एक कोपरा वनखात्याचा, दुसरा गायरानाचा, तिसरा खासगी पडीक असतो, आणि त्यावर तीन गावांची गुरे आणि पाच वाड्यांची मेंढरे चरतात. नान्नजचा इतिहास आपल्यासमोर आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले, त्यात गावे, शेते, शहरे सगळे आले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली, लोकांत रोष साचला आणि शेवटी ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माळढोक तरीही जवळजवळ नाहीसा झाला. माळावर राहणाऱ्यांना विचारले नाही, ही त्यातील सर्वांत मोठी उणीव होती असे मी मानतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. परंतु धनगर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नाही. त्यामुळे त्याला तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि ज्याचे आयुष्य चालण्यात गेले त्याने तो कोठून आणावा? आपल्या संस्थेने व्यापाराच्या जोडीने हे दावे तयार करण्याचे काम हाती घ्यावे. जुन्या चराई पावत्या, खंडोबा-बिरोबाच्या जत्रांतील नोंदी, गावकऱ्यांचे जबाब यांतून पुरावा उभा राहतो, फक्त त्यामागे वर्षानुवर्षे लागावे लागते.

कच्छच्या बन्नीत व्यापार आणि हक्क हातात हात घालून पुढे गेले, म्हणून ते उदाहरण मला केनियापेक्षा जवळचे वाटते. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरच्या त्या गवताळ प्रदेशात १९६१ पासून गांडो बावळ, म्हणजे विलायती बाभूळ, लावला गेला आणि तो गवत गिळत गेला. लोक कोळशाच्या धंद्याकडे वळू लागले होते. पुढे दूधसंकलन गावांत पोहोचले, २०१० मध्ये बन्नी म्हशीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, आणि म्हैस राखण्यात पुन्हा अर्थ उरला. ज्याची म्हैस दूध देते त्याला गवत हवे असते. तेथील मालधारी पशुपालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अतिक्रमणांविरुद्ध धाव घेतली आणि २०२१ मध्ये ती हटवण्याचा आदेश मिळवला. मेंढीला दुधासारखे रोजचे उत्पन्न नाही आणि दख्खनी लोकरीला आज जवळपास भाव नाही, म्हणून ते सगळे इकडे तसेच्या तसे उतरणार नाही. पण संघटना आधी आणि माल नंतर, हा क्रम घेण्यासारखा आहे.

माळावरचे मटण म्हणून वेगळी छाप काढून पुणे-मुंबईत विकण्याची आपली कल्पना मी पहिली तीन वर्षे बाजूला ठेवीन. पुण्याचे गिऱ्हाईक बहुतेक बोकडाचे मटण मागते, मेंढीचे मटण प्रामाणिकपणे मेंढीचे म्हणून विकायला वेळ लागतो, आणि प्रत्येक नगाचा माग ठेवण्याचा खर्च लहान खरेदीला झेपत नाही. लोणंद किंवा आटपाडीच्या बाजारात वजनावर विकलेला निरोगी, लस टोचलेला नर आज पुरेसा आहे. जुळी देणाऱ्या मेंढीबद्दलही आपण विचारले होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीचे जनुक दख्खनीत आणून सुवर्णा या वाणाची मेंढी तयार केली. ते काम मोलाचे आहे, आणि घरी बांधून पोसणाऱ्यांना मी ती जरूर सुचवतो. रोज दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या मेंढीला मात्र दोन कोकरे पोसणे जड जाते, म्हणून फिरत्या वाड्यांत ती सरसकट देऊ नये.

प्रत्यक्ष सुरुवात करायची तर एका माळावरचे पाच-सहा वाडेच घ्या. येत्या दिवाळीपूर्वी, ते बाहेर पडण्याच्या आत, त्यांच्याबरोबर दोन दिवस माळ चालून पाहा आणि पुढच्या पावसाळ्यात कोणता भाग राखायचा ते त्यांच्याकडून समजून घ्या. शेजारच्या गावांतील गुराख्यांना त्याच बैठकीत बोलवा, कारण राखलेल्या तुकड्यात त्यांची गुरे शिरली तर वाड्यांचा उत्साह एका आठवड्यात संपेल. उचल आणि ताणकाटे तेव्हाच द्या. फाल्गुनात वाडे जेथे असतील तेथे जाऊन लसीकरण करा, आणि ज्येष्ठ लागताच नर घेणारे शेतकरी व व्यापारी यांना वाड्यांवर आणा. जुने व्यापारी त्यात असले तरी हरकत नाही, फक्त काटा आपला असावा.

पहिल्या पावसाळ्यात राखलेल्या तुकड्यावर फार काही दिसणार नाही. दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला शेड्याचे तुरे मोजण्याइतके उभे राहिले, तर मला जरूर कळवा, मी पाहायला येईन.